शेर कुठला, मूठ कुणाची?

वाचकहो, गेल्या महिन्यात आमच्या घरी दोन किलो बेसनाच्या लाडवांची माती झाली. माती म्हणजे अगदी माती. वळायला घेतला की मुठीतून भुगा खाली. शेवटी तो भुगा डब्यात भरला आणि आठ दिवस सगळ्यांनी चमच्याने खाल्ला, वर पाण्याचा घोट. खर्च दोनशे साठ रुपये. आम्ही पेशाने कारकून, त्यात बी. कॉम.; नुकसान झाले की दुःखाच्या आधी आकडा आठवतो.

त्याचे असे झाले. आमची कन्या आठवीत आहे. शाळेने सुट्टीचा अभ्यास दिला होता, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक जुनी पाककृती लिहून घ्या, घरी करून पाहा आणि चव कशी झाली ते लिहा. कन्या वही-पेन घेऊन आजीपुढे बसली. आजी म्हणजे आमची आई. वय अडुसष्टच्या आसपास. नक्की तारीख शाळेच्या दाखल्यावर असते आणि दाखला शाळेत गेलेल्याला मिळतो. आईने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "पुरणपोळी लिव."

आम्ही पेपर वाचत होतो तो खाली ठेवला. दांडेकर पुलाच्या वस्तीत आमचे बालपण गेले. त्या घरात पुरण शिजल्याचे आम्हाला आठवत नाही. पुरणपोळी आमच्या ताटात आली ती आम्ही नोकरीला लागल्यावर. आई नातीसमोर धडधडीत खोटे बोलत होती, आणि नात तिचे खोटे सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होती.

"आजी, तू लहानपणी खायचीस ते सांग ना," कन्या म्हणाली.

"तेच की. सणाला पुरणपोळी."

"आणि सण नसेल तेव्हा?"

आई उठून मोरीत गेली. आम्ही कन्येला गप्प राहण्याची खूण केली आणि प्रकरण मिटवावे म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पुस्तक काढून दिले. काही वर्षांपूर्वी एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चळवळीची जुनी पत्रके शोधताना ते हाती लागले होते. पाकशास्त्राचे पुस्तक, पुठ्ठा नाही, पहिली वीसेक पाने नाहीत, त्यामुळे लेखक कोण, साल कोणते, सगळेच गुलदस्त्यात. शेवटच्या पानावर मुंबईत छापल्याची एक ओळ तेवढी शिल्लक. आम्ही ते घेतले होते ते हसण्यासाठी. कारण पुस्तक मोठे गमतीचे आहे. चार माणसांचा फराळ म्हणून जे लिहिले आहे, त्यात आमच्या विहाराची अख्खी रविवारची सभा जेवून उठेल. गड्याने बदाम सोलावेत, मोलकरणीने कढई लख्ख घासून आणावी, मग बाईसाहेबांनी पदार्थास हात लावावा, असा एकंदर थाट. विस्तव मंद की प्रखर हे सांगितले आहे, पण किती वेळ, तर पदार्थ होईपर्यंत! तीन संध्याकाळी आम्ही ते मोठ्याने वाचले आणि कन्या व आमच्या सहचारिणी पोट धरून हसल्या. आई हसली नाही. तिच्या न हसण्याचे कारण आम्हाला तेव्हा कळले नाही, नंतर कळले.

ठरले असे की त्यातलीच एक कृती करून पाहायची. बेसनाचे लाडू सोपे वाटले. प्रमाण दिले होते ते असे: डाळीचे पीठ १ शेर, पिठीसाखर १ शेर, तूप १५ तोळे. इथे आमचे शिक्षण आडवे आले. शेर म्हणजे ८० तोळे, तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणून शेर झाला ९३३ ग्रॅम आणि तूप १७५ ग्रॅम. कॅल्क्युलेटरवर दोनदा ताडून पाहिले आणि रविवारी सकाळी ओट्याचा ताबा घेतला. सहचारिणी म्हणाल्या, "एवढ्या पिठाला एवढंसंच तूप?" आम्ही पुस्तकावर बोट ठेवले. छापील शब्दावर आमचा विश्वास फार. आई दारात बसून लसूण सोलत होती. तिने एकदा कढईत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "न्हाई वळायचं ते."

नाही वळले.

पुढचे दोन दिवस कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्या डोक्यात तो शेरच घोळत होता. हिशेब बरोबर, मग उत्तर चूक कसे? तेव्हा शेवटच्या पानावरची मुंबईची ओळ आठवली. इंग्रजी अमदानीत शेर गावागणिक वेगळा होता. मुंबईचा जुना मण २८ रतलांचा आणि त्याचे शेर ४०. म्हणजे एक शेर पाऊण रतलालाही कमी, जेमतेम २८ तोळ्यांचा. पुण्याचा शेर त्याच्या जवळजवळ तिप्पट. २८ तोळे पिठाला १५ तोळे तूप, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त; आता कोणतीही गृहिणी सांगेल की लाडू वळणार. आम्ही मुंबईचे तूप पुण्याच्या पिठात ओतले होते. १९५८ च्या ऑक्टोबरात सरकारने किलो-ग्रॅम सुरू केले तेव्हा लोकांनी कुरकुर केली असेल, पण आमच्यासारख्यांची केवढी सोय झाली हे त्या दिवशी कळले.

हा शोध आम्ही मोठ्या फुशारकीने घरी सांगितला. कन्येने वहीत समास आखून गणितही मांडले. मग सहचारिणींनी सरळ प्रश्न केला, "पण आत्या, तुम्हाला आधीच कसं कळलं? आपल्याकडे तर हे लाडू कधी व्हायचे नाहीत."

आई म्हणाली, "कढई घासून."

आईने पेठांमधल्या घरांत बावीस वर्षे धुणी-भांडी केली. त्यातल्या एका घरात तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. भांडी मागच्या दारी आणून ठेवली जात. दिवाळीच्या आधी चार-सहा दिवस कढया येत. बेसनाच्या कढईला तूप किती लागलेले असते, चकलीच्या कढईचा तळ कसा काळा होतो, पाक पुढे गेला की तो राखेनेही कसा निघत नाही, हे तिला तिथून ठाऊक. एकदा पाक फार चिकटला होता तेव्हा, "पाक पुढं गेला वाटतं," असे ती सहज म्हणाली, तर घरातल्या बाईने विचारले, तुला काय कळतं त्यातलं? आई म्हणाली, "मी म्हनलं, काय न्हाई बाई." एवढे सांगून ती पुन्हा लसणाकडे वळली.

त्या फाटक्या पुस्तकातली, कढई लख्ख घासून आणणारी मोलकरीण आमच्याच घरात बसली होती आणि आम्ही तीन संध्याकाळी तिच्यासमोर तो मजकूर हसत हसत वाचला होता.

यानंतर आम्ही पाकशास्त्राच्या पुस्तकांचा थोडा मागोवा घेतला, तोही वाचकांना सांगतो. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून ज्याचे नाव घेतात ते 'सूपशास्त्र'. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी लिहिलेले हे पुस्तक १८७५ साली आपल्या याच पुण्यात छापले गेले. ज्या शहरात जोतीराव-सावित्रीबाईंनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याच शहरात, सात वर्षांनी. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले. त्यात मांस-मासळी भरपूर आहे. म्हणजे मांसाहार पुस्तकाला वर्ज्य होता असे म्हणता येत नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' निघाली आणि शेर-तोळे-मासे जाऊन वाटी-चमचा आला. लग्नात भेट मिळालेली 'रुचिरा' आमच्याही घरी आहे आणि सहचारिणी तिच्यावाचून दिवाळी करीत नाहीत. तिच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. वाटीचे माप ज्या बाईला सुचले तिला आमचा मुजराच आहे, कारण वाटी गरिबाच्या घरीही असते.

पण या सगळ्या पुस्तकांत हजारो पदार्थ असून आईचे घर त्यात कुठे नाही. आपल्या लोकांचे खाणे छापून आले ते आत्मकथनांतून. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) आणि फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) अन्न आहे, पण ते भुकेच्या बाजूने आलेले. ते वाचून डोळे ओले होतात, चूल पेटत नाही. कृती म्हणून, प्रमाण म्हणून आपले अन्न कागदावर यायला फार उशीर झाला. तत्कालीन पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' या नावाचे इंग्रजी पुस्तक काढले. हे ताट भारतीय नाही काय, असा त्या नावाचा सवाल. शर्मिला रेगे (२०१३ साली त्या गेल्या) आणि त्यांचे सहकारी-विद्यार्थी यांनी दलित बायांच्या आठवणी आणि त्यांच्या पाककृती त्यात एकत्र आणल्या. आणि २०१५ साली मराठीत शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. मराठवाड्यातल्या महार-मांगांचे जेवण, अगदी कृतीसह. नावातच लेखकाने पूर्णब्रह्माला जो अ चिकटवला आहे, तो वाचून आम्ही बसमध्ये एकटेच हसलो होतो. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

हे पाटोळ्यांचे पुस्तक आम्ही घरी आणले आणि या खेपेस आईला विचारून वाचायला घेतले. आईचे माहेर परांड्याकडचे, म्हणजे मुलूख ओळखीचा. आधी ती नुसती ऐकत होती. तेलावाचून केलेली कालवणे, येसूर, रानातल्या भाज्या असे एकेक नाव आले तशी ती सरकत सरकत जवळ आली. "आमच्यात असं नव्हते करत," असे तिने दोनदा मध्येच सांगितले आणि कसे करत तेही सांगितले. कन्येने वही उघडली तर या वेळी हरकत घेतली नाही. मग चान्यांचे पान आले. मांसाच्या लांब चिंध्या कापून, उन्हात वाळवून ठेवायच्या, पावसाळ्यात काढायच्या. मग रक्तीचे. आई म्हणाली, "हे छापलंय?" आम्ही हो म्हटले. "कुणी?" सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मिटव ते."

वाद इथे सुरू झाला. आईच्या वडिलांनी मेलेल्या जनावराला हात लावायचे आणि ते मांस घरात आणायचे बंद केले होते. गावाने त्याबद्दल छळले, तरी बंद म्हणजे बंद. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून सांगितले. ते शब्द परांड्याच्या त्या वाडीत किती वर्षांनी पोहोचले असतील ते असोत, पण पोहोचले आणि पाळले गेले. आईच्या लेखी ही तिच्या बापाची कमाई. "सोडलं ते सोडलं," ती म्हणाली, "आता पुस्तकात लिवून पोरींना शिकवता व्हय?"

आम्ही म्हणालो, बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस, मिंधेपणाचे मांस. बाजारातून पैसे मोजून आणलेल्या मटणाची रक्ती वेगळी. शिवाय लिहिणे म्हणजे खाणे नव्हे. (जाता जाता एक नोंद. ज्या २०१५ साली ही कृती मराठीत छापून आली, त्याच साली १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांचीही कत्तल बंद झाली. म्हैसवर्ग तेवढा त्यातून बाहेर राहिला. लिहिणारा लिहीत होता तेव्हाच पातेल्यातला जिन्नस बेकायदा होत होता.) आईला आमचा युक्तिवाद पटला नाही. चळवळीत पंचवीस वर्षे काढली आहेत, सभेत माणसे पटतात. घरातले माणूस पटत नाही.

मग कन्या म्हणाली, "पण आजी, तुम्ही काय सोडलंत हेच मला माहीत नसेल, तर सोडलं म्हणजे काय ते मला कसं कळणार?"

आईने तिच्याकडे पाहिले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुला सांगते. साळंला नगं."

असे ठरले. रक्ती आणि चान्या यांच्या कृती कन्येने वेगळ्या वहीत लिहिल्या आहेत. ती वही कपाटात असते आणि आम्हालासुद्धा विचारल्याशिवाय वाचता येत नाही. आम्हाला ही तडजोड मनापासून मान्य नाही. शाळेत पुरणपोळीच्या शेजारी चान्यांना जागा का नसावी, हे आम्ही भर सभेत विचारू. पण ज्या बाईला उंबऱ्याबाहेर ठेवले गेले, तिने आपल्या पातेल्यावरचे झाकण कधी आणि कुणासमोर काढावे हे ठरविण्याचा हक्क आमचा नाही.

शाळेसाठी आईने माडगे दिले. हुलग्याचे माडगे. १९७२ च्या दुष्काळात ती पंधरा-सोळा वर्षांची होती. कामावर खडी फोडायची, तिथे सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापता थापता मोडायची. घरात पायलीभर हुलगे होते तेवढ्यावर पावसाळ्यापर्यंत काढायचे होते. रोज माडगे आणि रोज ते कालच्यापेक्षा पातळ. पुढच्या वर्षी कुटुंब पुण्याला आले ते गाठोड्यात उरलेले हुलगे घेऊन.

करायला घेतले तेव्हा कन्येने विचारले, पीठ किती? आई म्हणाली, तीन मुठी. कन्येने आमच्याकडे पाहिले. शेराने एकदा हात पोळलेले आम्ही. कुठली मूठ, कुणाची मूठ? सहचारिणींचा स्वयंपाकाचा छोटा काटा ओट्यावर मांडला. आईला सांगितले, मूठ भरून यात टाक. ३६ ग्रॅम. पुन्हा टाक. ३६. तिसरी मूठ ३७. सहचारिणींची मूठ भरली ३३, कन्येची २७. आमची पहिली ५२ आणि दुसरी ४४. आईने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यावरून, रोकडवही कशी लिहितोस हे तिला विचारायचे असावे.

तेव्हा कृती लिहून देतो. हुलगे निवडून मंद आचेवर खमंग भाजावेत, भरडून, फोलपटे पाखडून दळून आणावेत. चार माणसांना आईच्या तीन मुठी, म्हणजे ११० ग्रॅमच्या आसपास पीठ. ते वाटीभर गार पाण्यात आधी कालवून घ्यावे, नाहीतर गुठळ्या होतात आणि झालेली गुठळी मोडत नाही. पातेल्यात एक तांब्या पाणी उकळायला ठेवावे; त्यात मीठ, ठेचलेल्या सहा लसूणपाकळ्या, थोडे जिरे आणि तिखट. उकळी फुटली की कालवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. आच कमी करून दहा-बारा मिनिटे, पिठाचा कच्चा वास जाईपर्यंत. बाळंतिणीला करायचे तर तिखट-लसूण न घालता गूळ घालतात. १९७२ साली फक्त मीठ घालत होते, हेही कन्येने कृतीखाली कंसात लिहिले आहे.

तिने 'चव कशी होती' या रकान्यात लिहिले, "पहिल्या घोटाला मातकट, नंतर चांगली. बाबांनी दोनदा घेतले. आजीने घेतले नाही." का घेतले नाही असे आम्ही आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मी लई खाल्लंय. तुम्ही खा."

वाचक भगिनींना आणि बंधूंनाही एक विनंती. आपल्या घरी आई, आजी, आत्या, सासूबाई अशी मुठीने मापणारी जी कोणी असेल, तिची मूठ काट्यावर एकदा तोलून पाहा. एकदा नव्हे, तीनदा. पदार्थाचे नाव, गावाचे नाव आणि ग्रॅम एवढे या सदराच्या पत्त्यावर कळवा. जे सांगायचे नसेल ते आपल्या वहीत राहू द्या. आणि कुणाकडे बेसनाच्या लाडवांच्या भुग्याचे काय करावे याची कृती असेल तर तीही पाठवा; डबा अजून अर्धा आहे.